शिकणाऱ्या पोराला कीबोर्डचे कोणते अल्बम ऐकवायचे?

डावा_हात:
परवा एका ताईंनी विचारलं होतं, की मुलगा दोन वर्षं कीबोर्ड शिकतोय, त्याला काय ऐकवू? एकाने वेगवान रॉकची यादी टाकली: एमर्सन, लेक अँड पामरचा ‘ब्रेन सॅलड सर्जरी’, येसचा ‘फ्रॅजाइल’, ड्रीम थिएटरचं सगळं, आणि खाली शेरा, ‘बाकीचं वेळकाढू’. ते वाचल्यापासून डोक्यात बसलंय. दोन वर्षं शिकलेलं पोर हे ऐकून थक्क होईल, पण शिकेल काय? त्या वेगात एक सूर कानाला सापडत नाही.

त्याला जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचा ‘द क्योल्न कॉन्सर्ट’ द्या. जानेवारी १९७५. हॉलवर भलताच लहान पियानो आलेला, वरचे सूर पातळ, खर्ज दुबळा. म्हणून गडी बराचसा मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हाताने एकच आवर्तन धरून बसला. ते आवर्तन पोराला उचलता येतं! मग दुसरा जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स, त्याचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, १९६१ची मैफल. मूळ सूर बासवाल्याकडे, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्याकडे, सोडून डावा हात किती मोकळा होतो, ते त्यात कळतं. आपल्याकडे क्लासमध्ये डावा हात म्हणजे तयार ठेका वाजवणारं स्टाइलचं बटण दाबायला ठेवलेला हात, हे माझं जुनं दुखणं आहे.

हॅमंड_वेडा:
यादी माझी. चौदा वर्षांचा असताना शनिवार पेठेत मित्राच्या माळ्यावर डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’ची कॅसेट ऐकली. ज्याला मी गिटार समजत होतो तो ऑर्गन निघाला. त्यांच्या जॉन लॉर्डने हॅमंड, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, गिटारच्या मार्शल अँपमधून काढलेला! तीन महिने तो एक सोलो घेऊन बसलो, निम्मासुद्धा आला नाही. पण रोज बसलो. तुमचा क्योल्न त्या वयात दिला असतात तर कॅसेट परत करून क्रिकेटला गेलो असतो. आधी पोराला वेड लागू द्या, डावा हात कुठे पळून जात नाही.

काळी_चार:
दोघांचं वाचलं. पुण्यात बसून पट्ट्यांवरच्या बोटांची चर्चा आणि पेटीवाले अप्पा जळगावकर, त्यांचं नावही नाही? गाणाऱ्याच्या मागून सावलीसारखं जाणं ज्याला ऐकायचंय, त्याने अप्पांची साथ ऐकावी. कीबोर्डवाली मुलं सगळं पांढरी एक या पट्टीत वाजवतात आणि गाणाऱ्याची पट्टी आणायला ट्रान्सपोजचं बटण दाबतात. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी काळी चारमध्ये गात होते. दिवे गेले, दोन मिनिटांनी आले, कीबोर्ड नव्याने सुरू झाला आणि ट्रान्सपोज शून्यावर. मी काळी चार, तो पांढरी एक. दोनशे माणसांसमोर! पेटीवाल्याचं असं होत नाही.

श्रुतीप्रेमी:
पेटीचं कौतुक पुरे. मींड नाही, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती नाहीत, प्रत्येक सूर कापून ठेवलेला. १९४० साली रेडिओने बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली, ती उगाच नाही. शिकणाऱ्याचा कान आधी तंबोऱ्यावर तयार व्हावा.

काळी_चार:
बंदी घालणाऱ्यांनी मैफलीत बसून ऐकलं असतं तर घातली नसती. गायक भास्करबुवा बखल्यांना गोविंदराव टेंबे पेटीवरच साथ करायचे ना? संगीत नाटकांचा तर प्राणच ऑर्गनवर. तुम्ही किती वर्षं गायलात हो, पेटी बाजूला ठेवून?

श्रुतीप्रेमी:
एकवीस. वैयक्तिक व्हायचं असेल तर मी थांबतो.

डावा_हात:
मूळ प्रश्न अल्बमचा होता.

हॅमंड_वेडा:
मींडवरून आठवलं, म्हणजे अल्बमवरच येतो. चरणजित सिंगांचा ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. १९८२. मुंबईचा सिनेमातला वादक, समोर रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, आणि त्यावर ललित, यमन, मालकंस हे राग! पेटीला जे जमत नाही ते सिंथवर जमतं, सूर वाकतो. श्रुतीप्रेमी, तुम्ही एकदा ऐकाच.

श्रुतीप्रेमी:
ऐकला आत्ता. ठेका सहन होत नाही. ललितचे दोन्ही मध्यम, शुद्ध आणि तीव्र, मात्र नीट ओळखू येतात, एवढं मान्य.

हॅमंड_वेडा:
आणि ‘वेळकाढू’ हा शब्द मी मागे घेतो. यादी घेत नाही.

डावा_हात:
‘मशीन हेड’ राहू दे यादीत. ड्रीम थिएटर अजून पाच वर्षांनी.

विचारणारी_आई:
तो प्रश्न माझाच. हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. ट्रान्सपोजचा किस्सा ऐकून तो म्हणाला, आजोबांची पेटी काढ. माळ्यावरून काढली, तर भाता फाटलाय. पुण्यात हे काम आता कोण करतं?

काळी_चार:
निरोप टाकते, माझ्या कारागिरांचा नंबर देते. तोवर पेटी बंद ठेवा आणि पट्ट्यांवर धूळ बसू देऊ नका. आतल्या सुरांना, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पात्यांना, हात लावू नका, ते काम त्यांच्याच कानाचं.