कुलूप न सापडलेली किल्ली: लहानपणच्या कादंबऱ्या, सवंगडी आणि नसते शोध (अनुभव धागा)

लहानपणी वाचलेल्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की आपण सगळे भराभर पुस्तकांची नावं फेकायला लागतो. इथे नुसती नावं नकोत. दोन-चार मुलं, त्यांना सापडलेलं काहीतरी भलतंच, आणि ते वाचून तुम्ही स्वतः काय उद्योग केलेत, ते लिहा. सोबत कोण होतं तेही लिहा. माझा एक जुना संशय आहे. किल्ली, गुहा, नकाशा सापडेपर्यंत या गोष्टी नुसत्या तयारीत असतात. 'कुणाला सांगू नकोस हं' असं कुणीतरी कुणाला तरी म्हणतं, तिथून त्या सुरू होतात.

आधी माझं सांगते. 'द सीक्रेट गार्डन' ही फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची १९११ची कादंबरी. दहा वर्षं बंद असलेली बाग, मातीत पुरलेली किल्ली आणि नेमका त्या जागी जाऊन बसणारा रॉबिन पक्षी. नायिका मेरी इतकी किरकिरी आणि तुसडी की तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. मला ती पहिल्या पानापासून आवडली, कारण घरात माझ्याबद्दल हेच बोललं जायचं. बाग सापडल्यावर काही दिवस ती एकटीच तिथे खुरपत बसते. मग डिकन नावाच्या मुलाला सांगते. ते पान मी कितीदा वाचलं असेल! हातातली बाग कुणी काढून घेईल म्हणून ती घाबरलेली असते, तरी सांगते.

आमच्या अडगळीच्या खोलीत मला आणि माझ्या मैत्रिणीला एक गंजकी किल्ली सापडली. घरातली, शेजारची, शाळेतली सगळी कुलुपं झाली, एकालाही लागेना. मग ठरलं की एक महिना तिच्याकडे, एक महिना माझ्याकडे. हे दीड वर्ष चाललं. तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते गेले. तेव्हा महिना तिचा होता.

*

मी शाळेच्या वाचनालयात काम करते. मुलं पुस्तक एकट्याच्या नावावर नेतात, पण न्यायला दोघं येतात, हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलंय का? एक सही करतो, दुसरा पुस्तक बगलेत मारतो.

अशाच एका जोडीने 'शार्लट्स वेब' नेलं. १९५२ची कादंबरी, ई. बी. व्हाइट यांची. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी जाळ्यात शब्द विणणारी कोळीण. दोघांपैकी एकाला कोळी दिसला की चप्पल काढायची सवय होती. पुस्तक परत करायला आले तेव्हा त्यानेच विचारलं, "बाई, त्या कपाटामागचं जाळं तुम्ही झाडता का?" नाही झाडणार म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत दोघं कपाटामागे. वहीत नोंदी: आज काही नाही. आज एक माशी. आज काही नाही.

शार्लटच्या अंड्यांतून पाचशे चौदा पिल्लं निघतात. त्यावर त्यांचा वाद पेटला. पाचशे चौदाच का, सरळ पाचशे का नाही? मोजल्याशिवाय असा आकडा सुचत नाही, असं मी ठोकून दिलं. व्हाइट यांनी खरोखरच आपल्या शेतावरच्या कोळिणीचा अंड्यांचा कोष खाऊच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून न्यूयॉर्कला नेला होता. खोक्याला भोकं पाडली होती. काही आठवड्यांनी त्या भोकांतून पिल्लं बाहेर पडली आणि त्यांच्या कपाटावरच्या कंगव्या-ब्रशांना धागे बांधत सुटली. हे सांगितल्यावर दोघं एकमेकांकडे ज्या नजरेनं बघायला लागले, त्यावरून मी ताबडतोब बजावलं की घरी खोकी न्यायची नाहीत.

*

फास्टर फेणेला कुणीच कसं बोलावलं नाही? भा. रा. भागवतांचा बन्या सायकलवर टांग मारून 'ट्टॉक' करायचा, आणि ते वाचून मी आणि चुलतभाऊ आठवडाभर टाळूला जीभ लावून टकटक करत हिंडलो. रहस्य एकही उलगडलं नाही. जीभ मात्र सोलवटली.

*

मला हे सगळं मोठेपणी भेटलं. लेकीला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायचो. ती तेव्हा नऊ वर्षांची. कॅथरिन पॅटरसन यांचं 'ब्रिज टू टेराबिथिया' आणलं. मुखपृष्ठ पाहून वाटलं, जंगलात राज्य वसवणाऱ्या दोन मुलांची हलकीफुलकी गोष्ट असेल. जेसला पाचवीत सगळ्यात वेगवान धावायचंय, नवी आलेली लेस्ली त्याला पहिल्याच शर्यतीत हरवते आणि मग दोघांची गट्टी जमते. ओढ्यापलीकडे दोरीला लोंबकळत जायचं आणि तिथे आपलं राज्य. लेक खूश, मीही खूश.

(पुढे शेवट फुटतोय. वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.)

एका रात्री पुढचं प्रकरण आधी चाळलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. लेस्ली मरते. दोरी तुटते. जेस त्या दिवशी बाईंबरोबर संग्रहालय बघायला गेलेला असतो, आणि लेस्लीलाही नेऊ या का असं त्याने विचारलेलं नसतं. लेखिकेच्या मुलाची जिवलग मैत्रीण १९७४ साली वीज पडून गेली, त्यातून ही कादंबरी झाली. १९७७ला आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं पारितोषिक, मिळालं. हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळत होतं की हे मला मोठ्याने वाचता येणार नाही. तीन रात्री मी काही ना काही कारण काढलं. डोकं दुखतंय, उशीर झालाय.

चौथ्या रात्री ती म्हणाली, "बाबा, मी वाचलंय ते. पांघरुणात. तू वाच, हळू वाच, मी आहे."

वाचलं. जेसने विचारलं नव्हतं, या गोष्टीवर ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सांगितलं की आज डबा खाताना तिने एका मुलीला आपल्या शेजारी बोलावलं, जिला ती कधी बोलवत नसे. मी 'का' म्हणून विचारलं नाही.

*

वरचा परिच्छेद न वाचता खाली आलेय, तेव्हा शेवटाबद्दल कुणी इथे बोलू नका!

*

माझा सूर वेगळा लागेल. मला या कादंबऱ्यांचा राग यायचा. दर दोन वर्षांनी शाळा बदलायची, कारण दर दोन वर्षांनी गाव बदलायचं. आणि पुस्तक कुठलंही उघडा, तिसऱ्या प्रकरणापर्यंत नायकाला जीवश्चकंठश्च मित्र मिळालेला! मी तीन-तीन महिने मागच्या बाकावर. एकट्याला काही सापडलं तर ते दाखवायचं कुणाला? मला एकदा शाळेच्या भिंतीच्या खबदाडीत पक्ष्याचं जुनं घरटं आणि त्यात काचेचे तुकडे सापडले होते. मी ते बघितलं आणि वर्गात गेलो. संपलं.

फिलिपा पिअर्स यांची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' (१९५८) मात्र जवळची वाटली. टॉमच्या भावाला गोवर आलेला, म्हणून टॉमला मावशीच्या घरी धाडलेलं. खेळायला कुणी नाही. रात्री जुनं घड्याळ तेराचे ठोके देतं, मागचं दार उघडलं की दिवसा नसलेली बाग. तिथे हॅटी भेटते. गंमत अशी की टॉम तेवढाच राहतो आणि हॅटी दर भेटीत मोठी होत जाते. मला हे फार ओळखीचं होतं. दोन वर्षांनी जुन्या गावी परत जावं तर तिथली मुलं अशीच माझ्याशिवाय मोठी झालेली असायची. आणि टॉम जे बघतो ते सगळं भावाला पत्रांतून कळवत असतो. मीही मग पत्रं लिहायला लागलो, ज्या मुलाचा पत्ता होता त्याला. त्याने दोनदाच उत्तर दिलं. मी अकरा लिहिली होती.

*

अकरा पत्रंवाल्या दादा, ते काचेचं घरटं आम्हाला आत्ता सांगितलंत की. चालेल.

आता माझा नकाशा. 'ट्रेझर आयलंड'चा जन्मच नकाशातून झाला, हे ठाऊक असेल. १८८१च्या पावसाळी सुट्टीत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी सावत्र मुलाला रमवताना एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून कादंबरी फुटली. पुढे पुस्तक छापायच्या वेळी तो नकाशा वाटेत कुठेतरी हरवला, आणि त्यांना मजकुरावरून माप घेत नवा काढावा लागला. नवा काही त्यांच्या मनात उतरला नाही.

आम्ही तिघांनी डबा पुरला. त्यात गोट्या, एक शिट्टी आणि शपथ. नकाशा एकाच्या खिशात होता, खिसा धुण्यात गेला. मग प्रत्येकाने आठवणीवर एकेक काढला. तिन्हींत झाड वेगळ्या जागी! एकात तर विहीर होती, जी तिथे कधीच नव्हती. खणखण खणलं, ओरडा खाल्ला. डबा तिथेच कुठेतरी असणार. तिघं आता वेगवेगळ्या देशांत आहोत आणि विहिरीवरून अजून भांडतो.

*

शिक्षक म्हणून एक भर घालतो. मुलं विचारतात, "सर, हे खरं थोडंच होतं?" तेव्हा मी लास्कोच्या गुहेची गोष्ट सांगतो. १२ सप्टेंबर १९४०, फ्रान्स. चार पोरं जमिनीतल्या एका भोकात उतरली आणि आत भिंतींवर बैल, घोडे, हरणं. हजारो वर्षांपूर्वी काढलेली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. काही दिवसांत त्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांना सांगितलं. ती बातमी कळल्यावर ते शिक्षक पहिल्यांदा काय म्हणाले असतील, याचा मी वर्गात नाटक करून अभिनय करतो. दरवर्षी वेगळा. मुलांना सगळ्यात पटतं ते चित्रांचं वय नाही, गुपित आठवडाभरसुद्धा पोटात राहिलं नाही हे.

*

आमचं गुप्त मंडळ होतं. अध्यक्ष मी, चिटणीस मित्र, सदस्य माझी धाकटी बहीण. परवलीचा शब्द दर सोमवारी बदलायचा. कादंबऱ्यांतल्या मुलांना तस्कर सापडायचे; आम्हाला एकदा बंद घराच्या खिडकीत दिवा दिसला. बहिणीने तो आईला सांगितला. (घरमालक दुरुस्तीला आला होता.) आम्ही रीतसर सभा घेऊन तिला काढून टाकलं. ती सहा वर्षांची होती.

मंडळाची वही परवा सामानात मिळाली. हजेरी माझ्याच अक्षरात. तिचं नाव खोडायचं मी विसरलो होतो, म्हणून तिच्यापुढे सलग तेरा वेळा लिहिलंय: गैरहजर, गैरहजर, गैरहजर. प्रत्येक सभेला ती दाराबाहेर पायरीवर बसलेली असायची.