प्रतिसाद: अँबॅसेडर घाटात तापते

रेडिएटर रिकोअर करूनही (म्हणजे आतली जाळी नवी बसवूनही) तुमची अँबॅसेडर घाटात तापते, म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, असं वर दोघांनी सुचवलंय. मला पटत नाही. आमच्या मार्क टू अँबॅसेडरचा थर्मोस्टॅट आधीच्या मालकाने काढलेलाच होता, तरी खंबाटकी घाटात ती उकळायचीच. वर थंडीत इंजिन लवकर तापायचं नाही आणि पेट्रोल प्यायची ते वेगळंच.

रेडिएटर रिकोअर केलात, पण ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाचं काय? पाणी त्यातूनही फिरतं. त्या १४८९ सीसी इंजिनाच्या ब्लॉकला बाजूला पाणी सोडायचा कॉक असतो. आमचा उघडला तर थेंब नाही! कॉक पूर्ण काढून तारेने खरवडल्यावर गंजाचा चॉकलेटी गाळ निघाला, मागच्या सिलिंडरभोवती तर घट्ट बसलेला. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतल्यावर दुसरं काय होणार? तो साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरलं, नवा थर्मोस्टॅटही बसवला; घाटात तापमानाचा काटा आता मध्यावर असतो. कॉक मात्र इंजिन गार असतानाच उघडा.