साकीनाक्यातला चालू गाळा, नवीन व्हीएमसी मशीन: सबसिडी, विनातारण कर्ज आणि अडकलेलं बिल

लेथवाला_४०००७२ (ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. थोडा लांबलचक प्रश्न आहे, पण आकडे दिल्याशिवाय उत्तर नेमकं मिळत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

भावाचं प्रोप्रायटरी युनिट आहे, २०१६ पासून चालू. दोन सीएनसी टर्निंग मशीन (संगणकावर चालणारे लेथ), पंपाच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. उलाढाल साधारण १.४ कोटी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून, 'सूक्ष्म' गटात. गाळा लीव्ह अँड लायसन्सवर, दर अकरा महिन्यांनी नवा करार. दुसरं मशीन २०१८ मध्ये मुद्रा कर्जयोजनेच्या 'तरुण' गटातून १० लाखांवर घेतलं होतं, ते २०२३ मध्ये वेळेत फिटलं. गेली तीन वर्षं रिटर्नमध्ये नफा आहे.

आता व्हीएमसी (धातू कोरणारं संगणक-नियंत्रित मशीन) घ्यायचंय. कोटेशन २६ लाख अधिक जीएसटी. एक एजंट म्हणतो, "पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेतून) ३५ टक्के सबसिडी काढून देतो, फाइलचे २५ हजार आधी."

प्रश्न असे:
१) ३५ टक्के खरंच मिळतात का? नसेल तर वहिनींच्या नावाने 'नवीन' युनिट दाखवणं कितपत बरं?
२) घर गहाण न ठेवता कर्ज होईल का?
३) बोईसर किंवा वाड्याकडे हललो तर सरकार जास्त देतं म्हणतात. मशीनसाठी म्हणून हलावं का?
४) पुण्याच्या एका ग्राहकाकडे ८ लाख आठ महिने अडकलेत. मार्जिन, म्हणजे कर्जासाठी लागणारा स्वतःचा वाटा, खरं तर त्यातूनच भरायचा होता.

खतावणी

एजंटाला आधी नमस्कार करा. पीएमईजीपीचा अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुठलाही मध्यस्थ नेमलेला नाही. आयोगाचं मुख्य कार्यालय पार्ल्यात इर्ल्याला आहे, शंका असेल तर जाऊन विचारा.

३५ टक्के हा आकडा ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गासाठी आहे (महिला, अजा, अज, इमाव, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे). महापालिका हद्द म्हणजे शहरी. तिथे सर्वसाधारण प्रवर्गाला १५ आणि विशेष प्रवर्गाला २५ टक्के. त्यामुळे वहिनी पुढे आल्या तरी साकीनाक्यात ३५ होणं नाही.

शिवाय हे नवीन युनिटसाठीच आहे. त्याच गाळ्यात, त्याच वीजमीटरवर वहिनींचं 'नवीन' युनिट दाखवलं तर प्रत्यक्ष पाहणीत उघडं पडतं. सबसिडी पहिल्या दिवशी तुमच्या हातात येत नसते. बँकेत कर्जदाराच्या नावाने ठेव म्हणून तीन वर्षं अडकून राहते. त्या ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी पाहणी होते, मग ती कर्जात वळती होते. पाहणीत गोम निघाली तर पैसे परत जातात आणि पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं.

पण तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट ओघात लिहून गेलात: मुद्रा कर्ज वेळेत फिटलंय. पीएमईजीपीत 'दुसरं कर्ज' म्हणून वेगळा भाग आहे. ज्यांनी आधी पीएमईजीपी, त्याआधीच्या आरईजीपी योजनेतलं किंवा मुद्रा कर्ज घेऊन वेळेत फेडलं आणि ज्यांचं युनिट तीन वर्षं नफ्यात आहे, त्यांना विस्तारासाठी उत्पादन क्षेत्रात १ कोटीपर्यंतचा प्रकल्प करता येतो. सबसिडी १५ टक्के, स्वतःचा वाटा १० टक्के. चालू युनिटच लागतं, म्हणजे वहिनींना मध्ये आणायची गरजच नाही.

हिशोब असा. मशीन २६ लाख, फाउंडेशन, वाढीव वीजभार, टूलिंग आणि खेळतं भांडवल मिळून ४ लाख, एकूण ३० लाख. स्वतःचे ३ लाख, कर्ज २७ लाख, त्यातले ४.५ लाख ठेवीत अडकलेले. व्याज पडेल ते २२.५ लाखांवर. मशीनचा जीएसटी १८ टक्क्यांनी ४,६८,००० होतो. तो पुढे वळता होईल, पण आधी रोख भरावा लागतो आणि बँका बहुधा तो कर्जात धरत नाहीत. भल्याभल्यांची गाडी तिथे अडते.

योजना या स्वरूपात २०२५-२६ पर्यंत मंजूर झाली होती. पुढचं तपासून घ्या आणि वर्षअखेरची वाट न पाहता अर्ज टाका.

जुनी_फाइल

एक भर. दुसरा एखादा एजंट 'मशीनवर १५ टक्के भांडवली सबसिडी, सीएलसीएसएस' म्हणत येईल. ती योजना सर्वसाधारण प्रवर्गासाठी ३१ मार्च २०२० ला बंद झाली. अजा-अज उद्योजकांसाठी २५ टक्क्यांची विशेष योजना तेवढी राहिली. बंद योजनेच्या नावावर आजही फाइली विकल्या जातात.

शाखा_व्यवस्थापक_निवृत्त

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

तारणाशिवाय कर्ज होतं. त्यासाठी सीजीटीएमएसई म्हणजे केंद्र सरकार आणि सिडबीने (लघु उद्योगांसाठीची सरकारी बँक) २००० साली स्थापलेला हमी न्यास आहे, कार्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच. १ एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा १० कोटींवर गेली आहे, तेव्हा तुमची रक्कम त्यात किरकोळ. हमीसाठी तुम्ही अर्ज करत नाही, बँक करते. १० ते ५० लाखांच्या टप्प्यात वार्षिक शुल्क ०.५५ टक्के, म्हणजे २७ लाखांवर पहिल्या वर्षी साधारण १४,८५० अधिक जीएसटी. पुढे शिल्लक रकमेवर. ते बहुतेक ठिकाणी कर्जदाराकडूनच घेतलं जातं, तेवढं धरून ठेवा.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे: ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. हप्ते थकले आणि न्यासाने बँकेला पैसे दिले, तरी तुमच्याकडची वसुली थांबत नाही.

आता फाइल का परत येते ते सांगतो. योजनेपेक्षा कागदांवरच जास्त फाइली मरतात.

सर्वांत आधी गाळा. पाच वर्षांचं कर्ज आणि अकरा महिन्यांचा करार, हे बघून कोणताही अधिकारी हात आखडता घेतो. मालकाशी बोलून ६० महिन्यांचा नोंदणीकृत करार करा. मालक तयार नसेल तर निदान ३३ महिन्यांचा. करार प्रोप्रायटरच्या नावाने हवा आणि पत्ता वीजबिल, जीएसटी, उद्यम, गुमास्ता सगळीकडे तोच, अक्षरशः तोच. एकीकडे 'गाळा ७' आणि दुसरीकडे 'युनिट ७-ए' असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. पालिकेचा कारखाना परवाना (कलम ३९०) आणि प्रदूषण मंडळाची संमती लागू असेल तर त्यांच्या प्रती पहिल्याच दिवशी द्या.

मग प्रोजेक्ट रिपोर्ट. सीएकडून छापून येणारे रिपोर्ट पहिल्या महिन्यापासून मशीन शंभर टक्के चालवतात. असं मशीन मुंबईत कुठे असेल तर मला दाखवा! तुम्ही खरा हिशोब मांडा. समजा तासाला ४०० रुपये दर, दिवसाला १० तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे पूर्ण क्षमतेला १ लाख. पहिल्या वर्षी ६० टक्के धरले तर ६० हजार. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी लाखाला महिना २,१७४ रुपये हप्ता बसतो, २२.५ लाखांवर ४८,९०० च्या आसपास. उरलेल्या अकरा हजारांत ऑपरेटर, वीज, इन्सर्ट, कूलंट बसत नाही. म्हणजे एका पाळीवर हे मशीन हप्ता उचलत नाही, हे अधिकाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं. त्याचं उत्तर रिपोर्टमध्येच हवं: दुसरी पाळी, जुन्या दोन मशीनच्या नफ्याचा आधार, किंवा ग्राहकाचं दर आणि महिन्याचे नग लिहिलेलं पत्र. 'काम भरपूर आहे' या वाक्याला बँकेत किंमत नाही. हप्त्यांना सहा महिन्यांची स्थगिती मागा, मशीन बसून ट्रायल निघेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात.

खेळत्या भांडवलाबाबत पीएमईजीपीची एक अट कुणी सांगत नाही. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेने ठरवलेली उचल मर्यादा) तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण मर्यादेपर्यंत वापरलं गेलं पाहिजे आणि वापर ७५ टक्क्यांच्या खाली राहता कामा नये. नाहीतर तेवढ्या प्रमाणात सबसिडी परत घेतात. उगाच मोठी मर्यादा मागून खातं कोरडं ठेवू नका.

नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. तोंडी नकारावर पुढे कुठेही दाद मागता येत नाही.

गटवारी

हलण्याबद्दल. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे आणि तिचा हेतूच मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेला उद्योग बाहेर नेण्याचा होता. त्यामुळे मुंबई 'अ' गटात, सर्वांत कमी लाभाची. इथे बसून राज्याच्या सवलतींची वाट बघण्यात अर्थ नाही, ते धोरण तसंच आखलेलं आहे.

पण गट तालुक्यानुसार ठरतो, जिल्ह्यानुसार नाही. 'पालघर जिल्हा आहे म्हणजे मिळणारच' असं गृहीत धरून गाळा घेऊ नका, तालुका तपासा. आणि लाभाचं स्वरूप समजून घ्या. आधी गुंतवणूक, मग उत्पादन, मग पात्रता प्रमाणपत्र, मग दरवर्षी दावा. पैसे तरतुदीप्रमाणे येतात, कधी कधी बऱ्याच उशिरा. त्या परताव्यावर बँकेचा हप्ता बेतू नका. शिवाय जॉबवर्कला ग्राहक जवळ लागतो. पंपवाले साकीनाका-अंधेरीला असतील तर रोजचा टेम्पो आणि ऑपरेटर सोडून जाणं, यात सवलत वाहून जाईल. एका मशीनसाठी हलू नका. पुढे चार-पाच मशीन झाली आणि स्वतःची जागा हवी झाली की एमआयडीसीचा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा भूखंड बघा. तोवर नाही.

लेथवाला_४०००७२

सगळ्यांचे आभार. 'दुसरं कर्ज' हे माहीतच नव्हतं. कराराचं मालकाशी बोलतो. ८ लाखांबद्दल कुणी सांगेल का? त्या ग्राहकाशी लेखी करार नाही, नुसती पर्चेस ऑर्डर आहे, त्यावर मुदत लिहिलेली नाही. माल गेल्यावर दोन महिन्यांनी 'काही नग रिजेक्ट' असा फोन आला होता.

वसुली_खाते

करार नाही हे उलट तुमच्या पथ्यावर पडतं. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा), कलम १५: लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. ठरलेली असली तरी ४५ दिवसांपलीकडे नाही. 'रिजेक्ट'ची तक्रार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी यायला हवी होती. ती आली नाही तर कायद्याच्या दृष्टीने माल स्वीकारला. दोन महिन्यांनी आलेल्या फोनला फारसं वजन नाही.

व्याज कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट ऑगस्ट २०२५ मध्ये ५.७५ होता, म्हणजे १७.२५ टक्के. त्या दराने ८ लाखांवर वर्षाचं सुमारे १,४९,००० होतं.

आधी एक पत्र द्या: बिलवार यादी, देय तारखा, व्याजाचा तक्ता, सोबत उद्यम प्रमाणपत्र. त्यात १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी(एच) नमूद करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेर बाकी राहिलं, तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कधी कधी खरेदी खात्यापेक्षा त्यांच्या सीएला पाठवलेली प्रत जास्त काम करते.

उपयोग झाला नाही तर थकीत बिलांसाठीच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज. तुमचं युनिट मुंबईत असल्याने प्रकरण मुंबईच्या सुकरता परिषदेकडे (थकीत बिलांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) येतं, ग्राहक पुण्याचा असला तरी. लागणारे कागद: पर्चेस ऑर्डर, बिलं, पोच-शिक्क्याची चलानं, ई-वे बिल, खातेउतारा. पोच नसलेलं चलान जोडून काही होत नाही, तिथे ई-वे बिल आणि ग्राहकाने जीएसटीत घेतलेलं क्रेडिट दाखवा. आधी समेट, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. मात्र निवाडा तुमच्या बाजूने लागला तर ग्राहकाला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

उद्यममधला एनआयसी कोडही (व्यवसायाचा प्रकार सांगणारा आकडा) बघून घ्या. मशीनिंग जॉबवर्क २५९२ खाली येतं आणि ते उत्पादनात मोडतं. घाईत कुणी 'व्यापार' टाकला असेल तर परिषदेपुढे पहिला आक्षेप तोच येतो.

टेंडर_काउंटर

अवांतर, पण मशीन आल्यावर उपयोगी. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना वार्षिक खरेदीच्या २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यावी लागते. मुंबईत रेल्वे, माझगाव डॉक, बीपीसीएल, एचपीसीएल, आरसीएफ असे ग्राहक दारात आहेत. अनामत रक्कम माफ. तुमचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तो कमी दरवाला सूक्ष्म-लघु उद्योग नसेल, तर त्याच दराने काम घेण्याची संधी मिळते. परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम पूर्ण करण्यासाठीची हमी-रक्कम) मात्र माफ नाही, ती धरून दर भरा. जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) 'उत्पादक' म्हणूनच नोंदणी करा. रीसेलर म्हणून केलीत तर हे प्राधान्य मिळत नाही.

लेथवाला_४०००७२

एक शेवटचं. या ८ लाखांशिवाय त्याच ग्राहकाची जुनी दोन थकलेली बिलं २०२० ची आहेत, म्हणजे उद्यम नोंदणीच्या आधीची. तीही जोडू का?

वसुली_खाते

नको. सर्वोच्च न्यायालयाने महाकाली फूड्स प्रकरणात (ऑक्टोबर २०२२) नोंदणीआधीच्या पुरवठ्याला या कायद्याचा लाभ नाही असं म्हटलंय. ती दोन बिलं जोडलीत तर समोरचा वकील त्यांच्यावरूनच बाकीचं प्रकरण लांबवेल. त्यांची वसुली दिवाणी मार्गाने करायची म्हटली तरी मुदत तीन वर्षांची असते. तेव्हा ग्राहकाने नंतर कधी लेखी कबुली किंवा बाकी-पुष्टी दिली आहे का, ते आधी शोधा.