मदत हवी आहे: वेक्नाच्या शेवटच्या लढाईत रिअ‍ॅक्शन कशा वापरायच्या?

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचव्या आवृत्तीतला २०२२ चा वेक्ना, म्हणजे मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार खलनायक (एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १८; हिट पॉइंट, म्हणजे जीव, २७२) पाच जणांच्या पार्टीसमोर आणायचा आहे. अडचण त्याच्या रिअ‍ॅक्शनची (दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेल्या उत्तराची) आहे: राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत) तीन, पण एका टर्नमध्ये (एकाच्या पाळीत) एकच.

ड्रेड काउंटरस्पेल या रिअ‍ॅक्शनने चौथ्या लेव्हलपर्यंतचं स्पेल (मंत्र) थेट बाद होतं, वर टाकणाऱ्याला ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज) सायकिक डॅमेज. त्यापुढे त्याला इंटेलिजन्स चेक (वीस बाजूंचा फासा अधिक बुद्धीचा बोनस) लागतो, डीसी (गाठायचा आकडा) १० अधिक स्पेलची लेव्हल. त्याचा +६ धरला तर नवव्या लेव्हलचं स्पेलही ४० टक्के वेळा फुकट जातं. विझार्ड आणि क्लेरिकने (पार्टीतले स्पेल टाकणारे) मग करायचं काय? त्यातून वेक्नाचा आफ्टरथॉट खंजीर लागला की डीसी २० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराच्या काटकपणावरचा बचावाचा फासा) यशस्वी होईपर्यंत हीलिंगच बंद.

स्पेल टाकणारा त्याला दिसावा लागतो. म्हणून दालनात जाड खांब आणि फॉग क्लाउडला (धुकं पाडणाऱ्या स्पेलला) वाव ठेवतोय. फायटरने आधी वार करून फेल रिब्यूकवर (वार लागल्यावर मारणाऱ्याला डॅमेज देऊन दुसरीकडे सरकणं) रिअ‍ॅक्शन खर्च करायला लावायची, हाही मार्ग आहे. पण डीएम (खेळ चालवणारा) म्हणून रिब्यूक घ्यावी की काउंटरस्पेलसाठी राखावी? मला तिन्ही राखून ठेवणं अन्यायाचं वाटतं.

ही लढाई ज्यांनी चालवली आहे त्यांनी सांगा. आणि मेल्यावर १डी१०० (फाशाने ठरणाऱ्या १ ते १००) वर्षांनी वेक्ना नवं शरीर घडवतो, ते खेळाडूंना आधी कळू द्यावं का?