अनुभव धागा: आईला इंग्रजी कितपत येतं?

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा (इथल्या जनगणना खात्याच्या पाहणीचा) फॉर्म आलाय. घरातल्या पाच वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकासाठी विचारलंय: घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येतं? चार चौकोन आहेत: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. आमचं तिघांचं पटकन झालं, आईपाशी अडले. साताऱ्याला तिने 30 वर्षं इंग्रजी शिकवलं; कर्तरी-कर्मणी झोपेतून उठवून विचारा. तिनेच चष्मा लावून फॉर्म वाचला आणि म्हणाली, "फारसं नाही वर खूण कर. औषधाच्या दुकानातली ती पोरगी काय बोलते, एक अक्षर कळत नाही मला." मी म्हणतेय, चांगलं. तुमच्याकडे काय केलंत?

पोळीभाजी:
गंमत सांगू? दोन्ही सारखंच. त्यांच्या बऱ्याच तक्त्यांत "फार चांगलं"च्या खालचे सगळे एकाच गठ्ठ्यात जातात. म्हणजे बाई 30 वर्षं शिकवूनही कच्च्याच!

एडिसनकर:
मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारली, मी इमानदारीत मराठी लिहिलं. शेजारीण म्हणाली, "वेडी का गं तू? इंग्रजी लिहायचं!" झालं, त्याची इंग्रजीची परीक्षा लागली. चित्रात झाडू दाखवला तर पठ्ठ्या "झाडू" म्हणाला, झारा दाखवला तर "झारा". स्वयंपाकघरातलं इंग्रजी त्याने ऐकलंय कुठे? वर्षभर त्याला वेगळ्या तासाला बसवलं. मी रडले होते. पण त्या वर्गात पाचच मुलं, बाई जीव लावणाऱ्या. लाजरा पोरगा तिथेच बोलता झाला. धाकटीच्या वेळीही मराठीच लिहिलं.

दोन_माहेरं:
आमच्याकडे भांडण भाषेच्या नावावर. नवरा मंगळूरचा कोंकणी, मी नागपूरची. जागा एकाच भाषेची. मुलगी दोघांनाही इंग्रजीत उत्तर देते, ते सोडा.

शिकागोतला मामा:
सासऱ्यांच्या नागरिकत्वाचं सांगतो. वय 55 च्या पुढे आणि ग्रीन कार्डाला 15 वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते, नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत देता येतात. दुभाषा घेऊन गेलो. अधिकाऱ्याने सहज विचारलं, कसे आहात? सासरे तडक इंग्रजीत, "फर्स्ट क्लास, सर!" माझ्या पोटात गोळा. पण तो हसला फक्त.

पोळीभाजी:
दुभाष्यावरून आठवलं. 1964 च्या नागरी हक्क कायद्यामुळे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, मागून घ्या. आमच्या आजीला फोनवर मराठी बाई मिळाली. ती म्हणे, "आपली रक्तशर्करा वाढलेली आहे, मूत्रपिंडाची तपासणी करावी लागेल." आजीने फोन माझ्या हातात दिला. "हिला सांग, शुगर आणि किडनी म्हण. मला इंग्रजी येतं."