मदत हवी आहे: सीटी एकच, खुब्याच्या स्नायूचे आकडे मात्र दोन

अबोली१२

सासूबाईंचा उजवा खुबा पार झिजलाय. वय ६८, एक्स-रेत केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड ४, म्हणजे शेवटची पायरी. सांधा बदलायचं ठरलंय. त्यासाठी दोन्ही खुब्यांचा साधा सीटी काढला, कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता. रिपोर्टसोबत एक जादाचं पान आलं, त्यात संगणकाने आपोआप आखलेल्या स्नायूंचे आकडे आहेत. ग्लुटिअस मीडिअस (खुब्याच्या बाजूचा स्नायू) उजवा १९६ घनसेमी, सरासरी घनता ३६ हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजायचं एकक). डावा २४८ आणि ४२. म्हणजे उजवा २१ टक्क्यांनी बारीक, पण घनतेत फारसा फरक नाही.

नोकरीत दिवसभर आकडेच बघते, त्यामुळे गप्प बसवेना. सीडीवरची डायकॉम चित्रं (सीटीच्या मूळ फायली) घरच्या संगणकावर टोटलसेगमेंटेटर या स्नायू-अवयव आपोआप आखणाऱ्या प्रोग्रामला दिली. त्याने सांगितलं: उजवा २३१, घनता १९, डावा २६४, घनता ३५. आता आकारातला फरक साडेबारा टक्क्यांवर आला आणि घनता मात्र उजवीकडे धाडकन खाली! खरं कोणाचं मानू? शिवाय नातेवाइकांचं चाललंय की आधी व्यायामाने स्नायू भरून काढा, मग ऑपरेशन. त्यात तथ्य आहे का?

खटपट्या

दोन्ही खरे असू शकतात. मोजलंय काय, तेच वेगळं आहे.

टोटलसेगमेंटेटर स्नायूची बाहेरची कड आखतो आणि आत जे सापडेल ते सगळं धरतो, चरबीसकट. रिपोर्टवाल्यांनी बहुधा त्याच कडेच्या आतून उणे २९ ते १५० हाउन्सफील्ड एवढाच भाग स्नायू म्हणून ठेवलाय. या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर. उणे ३० च्या खाली साधारण उणे १९० पर्यंत चरबी, ती त्यांनी गाळली असणार.

ताळा करून बघा. उजवीकडे २३१ वजा १९६, उरले ३५ घनसेमी. २३१ गुणिले १९ मधून १९६ गुणिले ३६ वजा करा आणि ३५ ने भागा. उणे ७६ येतं. म्हणजे गाळलेला भाग सरळसरळ चरबी आहे! डावीकडे तसेच १६ घनसेमी निघतात. एका स्नायूत १५ टक्के चरबी, दुसऱ्यात ६. तुमच्या दोन पानांनी मिळून ही गोष्ट सांगितली, एकेकट्याने सांगितली नसती.

म्हणूनच मला नुसती 'सरासरी घनता' हा आकडा आवडत नाही. चरबी आधीच गाळून सरासरी काढली की कुठलाही स्नायू ठणठणीत दिसतो.

एक काम करा. प्रोग्रामने रंग चढवलेली चित्रं एकेक स्लाइस (सीटीचा आडवा काप) करून डोळ्यांनी बघा, विशेषतः मीडिअस आणि त्याच्याखालचा मिनिमस यांच्यामधली रेघ. चरबीचे पट्टे वाढले की ती सीमा माणसालाही नीट दिसत नाही, मग प्रोग्राम थोडा इकडचा भाग तिकडे देतो. आणि सगळ्यात वरची स्लाइस बघा. कंबरेच्या हाडाची कड दोन्हीकडे पूर्ण आलीय का?

अबोली१२

ताळा जमला, आभारी आहे! पण वरच्या स्लाइसमध्ये घोळ आहे. पहिल्याच स्लाइसमध्ये उजवं हाड दिसतंय, डावं चौथ्या स्लाइसपासून सुरू होतं. स्लाइस ५ मिलिमीटरच्या आहेत. याचा अर्थ काय?

खटपट्या

दुखऱ्या खुब्यामुळे त्या तिरक्या झोपल्या असणार, उजवी बाजू वर चढलेली. स्कॅन सुरू होईपर्यंत उजव्या स्नायूचा माथा बाहेरच राहिला. तिथे मीडिअस पातळ असतो, त्यामुळे फार गेलेला नसेल, पण घनसेमीतला काही फरक आजाराचा नसून झोपण्याचा आहे. तेव्हा आकारापेक्षा चरबीच्या प्रमाणावर जास्त भरवसा ठेवा, त्याला माथा कापल्याचा फटका कमी बसतो.

आणि हो, टोटलसेगमेंटेटर हे बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयातून आलेलं, २०२३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधनाचं साधन आहे. वैद्यकीय उपकरण नाही, असं बनवणारेच बजावतात. डॉक्टरांना आकडा दाखवा, निर्णय म्हणून नको.

चालतंबोलतं

मी फिजिओ आहे. अबोलीताई, सीटीत स्नायू किती आहे ते कळतं, तो काम किती करतो ते कळत नाही. दुखत असेल तर मेंदू चांगल्या स्नायूलाही पूर्ण जोर लावू देत नाही. त्यासाठी १८९५ पासूनची ट्रेंडलेनबर्गची खूण पुरेशी आहे. सासूबाईंना भिंतीचा आधार देऊन, कोणीतरी शेजारी उभं राहून, उजव्या पायावर उभं करा. डावीकडची कंबर खाली झुकली तर उजवा मीडिअस कमी पडतोय. चालताना त्या उजवीकडे कलतात का तेही बघा, म्हणजे वरचं धड दुखऱ्या पायाकडे झुकवून.

नातेवाइकांबद्दल: व्यायाम करावा, दुखणं सोसेल तेवढा, पण स्नायू भरेपर्यंत थांबायचं म्हणून तारीख पुढे ढकलू नये. सांधा दुखतोय म्हणून तो पाय टाळला जातो, टाळल्यामुळे स्नायू उतरतो. मूळ दुखणं तसंच ठेवून स्नायू कितीसा भरणार? त्यात मांसात शिरलेली चरबी व्यायामाने सहजासहजी हटत नाही. सर्जनना एक प्रश्न नक्की विचारा: सांध्यापर्यंत कुठल्या बाजूने जाणार? बाजूच्या मार्गात मीडिअसचा काही भाग हाडावरून सोडवावा लागतो, मागून किंवा पुढून गेल्यास तो टळतो. आधीच चरबी धरलेल्या स्नायूच्या बाबतीत ते त्यांना कळलेलं बरं.

अबोली१२

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कागदावर लिहून घेतलं, मंगळवारी विचारते. एका पायावर उभं राहून झालं. कंबर झुकली, आणि सासूबाई म्हणाल्या, "एवढं संगणक लावून हेच बघायचं होतं होय!"

शेवटचा प्रश्न. वर्षभराने पुन्हा सीटी काढला तर धातूच्या सांध्यामुळे आकडे बिघडतील ना?

खटपट्या

सांध्याच्या पातळीवर रेघोट्या येतात, त्या स्लाइसवर विसंबू नका. सांध्याच्या वर, धातूपासून लांबच्या स्लाइस घ्या, आणि आज जी पातळी घ्याल तीच तेव्हाही घ्या. फायलींसोबत आत्ताच टिपून ठेवा: कुठली स्लाइस, कॉन्ट्रास्ट नाही, चरबी गाळली की नाही. आणि पुढच्या वेळी स्कॅन थोडा वरून सुरू करायला सांगा.