जुन्या अभिजात पुस्तकांतून लिहिणाऱ्यानं नेमकं काय उचलावं?

कोरंपान:
'लिहायचंय? मग अभिजात वाङ्मय वाचा' हे सगळेच सांगतात, पण वाचताना पाहायचं काय हे सांगणारं कोणी भेटत नाही. कादंबरीचा पहिला मसुदा तयार आहे आणि त्याला तीन दुखणी आहेत. सुरुवातीची प्रकरणं नुसती ओळख करून देण्यात जातात. मधला भाग सैल आहे, म्हणजे प्रसंग एकामागून एक येतात, पण एकातून दुसरा निघत नाही. आणि पात्राच्या मनातलं सांगायची वेळ आली की 'तिला वाटलं', 'तिच्या मनात आलं' यांची माळ लागते. यावरचे उपाय जुन्या पुस्तकांत असतील तर कुठल्या, आणि ते तिथून काढून कसे घ्यायचे?

उलटीबाजू:
मधल्या सैलपणापासून सुरुवात करतो, कारण त्याला 'मृच्छकटिक' या जुन्या संस्कृत नाटकाइतकं चांगलं औषध मला माहीत नाही. दहा अंक आहेत. पात्रं बाजूला ठेवा आणि फक्त नायिका वसंतसेनेच्या दागिन्यांचा माग काढा.

पहिल्या अंकात ती दागिने गरीब नायक चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते; पुन्हा येण्याचं निमित्त हवं असतं. तिसऱ्यात शर्विलक भिंत फोडून ते चोरतो, कारण त्याला वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडवायचं आहे. गरिबाकडून ठेव गेली तर ती चोरीला गेली यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून चारुदत्ताची बायको धूता भरपाईसाठी आपली रत्नमाला देऊन टाकते. चौथ्यात चोरलेले दागिने फिरून वसंतसेनेकडेच येतात आणि ती मदनिकेला मोकळं करते. सहाव्यात चारुदत्ताचा मुलगा सोन्याच्या गाडीसाठी रडतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने त्याच्या मातीच्या गाडीत भरते. नवव्यात तेच परत करायला निघालेल्या मैत्रेयाच्या, म्हणजे चारुदत्ताच्या मित्राच्या हातून न्यायालयात, झटापटीत, ते खाली पडतात आणि चारुदत्तानं तिचा खून केल्याचा पुरावा ठरतात.

दागिने हात बदलतात तेव्हा दर वेळी कोणाला तरी काहीतरी हवं असतं, आणि त्याच्या करण्याचा परिणाम तिसऱ्याच माणसावर होतो. पुढची अडचण आधीच्या चांगुलपणातून येते, योगायोगातून नाही. (योगायोगही आहे. सहाव्याच अंकात गाड्यांची अदलाबदल होते. पण त्यानं वसंतसेना संकटात पडते, सुटत नाही. योगायोग वापरायचाच असेल तर तो असा, अडकवण्यासाठी.)

तुमच्या मसुद्यावर हेच करून पाहा. एका कागदावर प्रसंगांची यादी करा आणि दोन प्रसंगांच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' लिहिता येतं का बघा. जिथे फक्त 'आणि मग' बसतं, तिथे सांधा निखळलेला आहे. तिथे नवा प्रसंग घालू नका. आधीच्या प्रसंगातली एखादी वस्तू, वचन किंवा खोटं पुढे न्या.

मधलीओळ:
'तिला वाटलं'च्या माळेसाठी जेन ऑस्टेनची कादंबरी 'एमा' (१८१५). पंधराव्या प्रकरणात, गाडीतून परतताना, गावचा पाद्री एल्टन नायिका एमालाच मागणी घालतो. तोवर तो एमाच्या मैत्रिणीसाठी झुरतोय अशी तिची पक्की समजूत असते. ही समजूत निवेदक 'एमाला असं वाटत होतं' म्हणून बाजूला काढून देत नाही. निवेदनाची वाक्यंच एमाच्या खात्रीच्या सुरात लिहिलेली आहेत, त्यामुळे वाचकही फसतो. दुसऱ्यांदा वाचताना कळतं की एल्टनच्या वागण्यातले सगळे पुरावे समोरच होते.

मराठीत हे जमवणं सोपं आहे, कारण इंग्रजीसारखा क्रियापदाचा काळ मागे सरकवावा लागत नाही. उदाहरण: 'ती खिडकीशी थांबली. तिला वाटलं की तो आता येणार नाही.' याऐवजी: 'ती खिडकीशी थांबली. आता कशाला येतोय तो! कामं असतात ना मोठ्या माणसांना.' 'आता', 'कशाला', 'ना' आणि तो टोमणा, सगळं तिचं आहे. निवेदकानं फक्त तिला खिडकीशी उभं केलं.

इथे दोन चुका हमखास होतात. मध्येच 'मी' आला की ते स्वगत होतं आणि निवेदनाचा धागा तुटतो. दुसरी जास्त वाईट: पात्राच्या तोंडी कधी येणार नाही असा शब्द त्याच्या मनात येतो. 'कामं असतात ना' म्हणणारी बाई पुढच्याच ओळीत 'उद्विग्न' होत नाही. म्हणून तृतीयपुरुषी वाक्यात 'ती'च्या जागी 'मी' घालून मोठ्यानं वाचा. ते त्या बाईचं बोलणं वाटलं नाही तर शब्द तुमचा आहे, काढा. आणि एका प्रसंगात एकच मन धरा.

दुमडलेलंपान:
सुरुवातीबद्दल टॉल्स्टॉयच्या दोन पुस्तकांतून दोन वेगळे धडे मिळतात.

'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) बारा प्रकरणांची दीर्घकथा आहे. नायक मेल्याची बातमी सहकारी वर्तमानपत्रात वाचतात तिथून ती सुरू होते, आणि त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो या मृत्यूमुळे कोणाला बढती मिळेल याचा. शेवट आधीच सांगून टाकल्यामुळे 'काय होणार' हा प्रश्न संपतो आणि 'हा माणूस जगला कसा' हा उरतो. मग दुसऱ्या प्रकरणापासून आयुष्याची माहिती भराभर दिली तरी कंटाळा येत नाही.

'अ‍ॅना करेनिना'त उलट आहे. अ‍ॅना पहिल्या भागाच्या अठराव्या प्रकरणात दिसते. पण दुसऱ्याच प्रकरणात ती येणार असल्याची तार येते, भावाचा संसार मोडायला आलेला असतो आणि तो सावरायची आशा तिच्यावर असते. उशिरा येणाऱ्या पात्राची आधी गरज निर्माण केलेली आहे.

तुमच्या प्रकरणांत माहिती जास्त आहे ही खरी अडचण नसावी. वाचकाला ती हवीशी वाटण्याआधी येते, म्हणून ती जड होते.

काढून घेण्याची रीत: आधी वाचलेलंच पुस्तक घ्या, पहिल्या वाचनात गोष्ट ओढून नेते. दर प्रकरणाला एक कार्ड: ठिकाण, मधे किती काळ गेला, कोणाला काय हवंय, वाचकाला नवीन काय कळलं, शेवट कशावर तोडला. पेन्सिलीनं समासात घडता प्रसंग आणि सारांशनिवेदन यांना वेगळ्या खुणा करा. अख्खी कादंबरी एका दमात करायला गेलात तर अर्ध्यात सोडाल. आठ-दहा प्रकरणं पुरतात.

उपसंपादकी:
वरचं सगळं मान्य, पण एक सावधगिरी. उचलण्याआधी ते पुस्तक कसं छापलं गेलं ते पाहा. डिकन्सच्या कित्येक कादंबऱ्या दरमहा ३२ पानांच्या अंकांतून आल्या, असे एकोणीस अंक, त्यातला शेवटचा जोडअंक. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. महिनाभरानं किंवा आठवड्यानं परतणाऱ्या वाचकाला मागचं आठवावं म्हणून पात्राला एखादी लकब चिकटवायची, घडलेलं पुन्हा सांगायचं, अंक उत्कंठेवर तोडायचा. आज सलग वाचणाऱ्याला ती पुनरुक्ती टोचते. क्रमशः लिहीत असाल तर मात्र तीच कामाची.

आणि अनुवादातून फक्त रचना शिका, वाक्य नाही. टॉल्स्टॉयच्या मराठी अनुवादातलं वाक्य अनुवादकाचं असतं.

कोरंपान:
सांध्यांची यादी आजच करायला घेतो. पण मग वाक्यासाठी काय वाचू? जुनं मराठी वाचलं की भाषा लगेच बोजड होते.

उपसंपादकी:
बोजड होते कारण शब्द उचलले जातात. 'लीळाचरित्र' घ्या. तेराव्या शतकातलं गद्य आहे, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी लोकांना विचारून गोळा केल्या. लीळा, म्हणजे अशी एकेक आठवण, बहुतेक छोट्या. कुठे घडलं, कोण होतं, कोण काय म्हणालं, संपलं. विशेषणं फार थोडी, तात्पर्य बरेचदा नाहीच. एक लीळा हातानं उतरवा, प्रत्येक वाक्यात क्रियापदं किती ते मोजा, मग पुस्तक मिटून तुमच्या कादंबरीतला एक प्रसंग तितक्याच वाक्यांत, आजच्या बोलीत लिहा. जुना शब्द एकही नको. पहिल्या खेपेला प्रसंग कोरडा वाटेल. तेव्हा विशेषण घालू नका, संवादाची एक ओळ वाढवा.